मेनू एकदाच लिहा: वाचनालयाच्या संकेतस्थळासाठी दुव्यांचे साचे कसे घडवावेत

तालुक्याच्या गावातल्या एका जुन्या वाचनालयाचं संकेतस्थळ माझ्याकडे आलं, तेव्हा त्यावर एकाच पानाकडे नेणारे चार दुवे होते. वरच्या पट्टीत ‘सभासदत्व’, डाव्या बाजूला ‘सदस्य नोंदणी’, तळाशी ‘मेंबरशिप’ आणि मुखपृष्ठावरच्या लाल चौकटीत ‘वर्गणीदार व्हा’. एक निवृत्त शिक्षक काउंटरवर येऊन विचारून गेले, “या चारांतली स्वस्तातली योजना कुठली?”

हा घोळ कुणी मुद्दाम घातला नव्हता. दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी हौसेने नवं पान जोडलं होतं आणि आपापला शब्द मागे ठेवून गेलं होतं. मेनू प्रत्येक पानात वेगळा लिहिलेला असल्यामुळे एक शब्द बदलायचा तर चाळीसेक फाइली उघडाव्या लागत. मग कोण कशाला बदलतंय?

त्या दुरुस्तीत जे हाती लागलं ते इथे क्रमाने सांगतो. उदाहरण वाचनालयाचं आहे, पण पतसंस्था, शाळा, मंडळ किंवा एखादं मोठं माहितीचं दालन असलं तरी काम हेच असतं. दुव्यांचं एकसारखेपण हा आधी शब्दांचा प्रश्न आहे, नंतर कोडचा, आणि रंगांचा सगळ्यात शेवटी. बहुतेक जण रंगापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात.

मराठी विकिपीडियावर संपादन केलेल्यांना ‘साचा’ ही कल्पना ओळखीची असेल. एक तुकडा एकदाच लिहायचा, हव्या त्या पानांवर बोलवायचा. साच्यात बदल केला की तो सगळीकडे दिसतो. पुढे मी हाच शब्द वापरणार आहे.

पहिली पायरी: मोजदाद

एक स्प्रेडशीट उघडा आणि संकेतस्थळावरचा प्रत्येक दुवा लिहून काढा. चार रकाने पुरतात: दुव्यावरचा शब्द, तो कुठे दिसतो (वरची पट्टी, बाजू, तळ, मजकुरात), तो कुठल्या पत्त्यावर नेतो, आणि त्या पानाचं शीर्षक काय आहे. मग पत्त्याच्या रकान्यावरून यादी क्रमाने लावा. एकाच पत्त्यासमोर दोन-तीन वेगळे शब्द आले की पहिली गाठ सापडली. एकच शब्द दोन पत्त्यांसमोर आला तर ती त्याहून वाईट. आमच्याकडे ‘उपक्रम’ एका ठिकाणी व्याख्यानमालेकडे नेई आणि दुसऱ्या ठिकाणी बालविभागाच्या उन्हाळी शिबिराकडे.

कंटाळवाणं काम आहे, दुपारभर लागते. पण ते टाळून केलेला मेनू म्हणजे जुन्याच गोंधळाला नवा रंग.

दुसरी पायरी: नावं ठरवा, आणि ती काउंटरवर ऐकून ठरवा

कार्यकारी मंडळाच्या बैठकीत नावं ठरवायला बसलात तर ‘ग्रंथ देवघेव विभाग’ असं काहीतरी हाती येईल. वाचक मात्र “पुस्तक बदलायला आलोय” म्हणतात. ‘विलंब शुल्क’ त्यांच्या तोंडी ‘दंड’ असतो, ‘अनामत रक्कम’ म्हणजे ‘डिपॉझिट’. मी दोन संध्याकाळी काउंटरच्या बाजूला बसून लोक वापरतात ते शब्द टिपून घेतले. मेनूतली निम्मी नावं त्या वहीतून आली.

सगळीच बोलीतली नावं घ्या असं मी म्हणणार नाही. ‘डिपॉझिट’ घेतलं, कारण पावतीवरही तेच छापलेलं होतं. ‘दंड’ मात्र थोडा वादाचा ठरला. शेवटी दुव्यावर ‘उशीर झाल्यास’ असं लिहिलं. तो शब्द कुणालाच खटकला नाही.

नावांसाठी आम्ही हे नियम केले. जागेचं नाव नाम असेल: ‘विभाग’, ‘सभासदत्व’, ‘उपक्रम’. कृतीचं नाव आज्ञार्थी क्रियापद असेल आणि ते आदरार्थीच: ‘पुस्तक शोधा’, ‘वर्गणी भरा’. दोन्ही एका ओळीत मिसळायची नाहीत. नामं डावीकडे मेनूत, क्रियापदं उजवीकडे बटणांच्या रूपात. आणि दुव्यावर जे लिहिलं आहे तेच त्या पानाचं शीर्षक. ‘दिवाळी अंक’वर बोट टेकवल्यावर ‘हंगामी नियतकालिक वितरण योजना’ असं पान उघडलं, तर माणसाला वाटतं आपण चुकीच्या दारात शिरलो.

मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात, त्यामुळे नावं लांबतात. ‘दिवाळी अंक योजनेविषयी माहिती’मधला ‘योजनेविषयी माहिती’ हा भाग काहीच सांगत नाही. संकेतस्थळावर माहितीच असते. तो काढा. ‘इतर’, ‘विविध’, ‘अधिक’ ही तीन नावं मेनूत दिसली की समजा, तिथे कुणाचा तरी निर्णय व्हायचा राहिला आहे.

ठरलेले शब्द एका कागदावर लिहा आणि त्याच्या बाजूला न वापरायचे शब्दही लिहा. ‘सभासदत्व’ (‘सदस्यता’, ‘मेंबरशिप’, ‘वर्गणीदार’ नको). पुढच्या माणसाच्या खऱ्या उपयोगाचा हा दुसरा रकानाच आहे.

तिसरी पायरी: चिठ्ठ्यांचा खेळ

कुठलं पान कशाखाली जाईल हे ठरवायला सगळी नावं पोस्टकार्डाच्या आकाराच्या चिठ्ठ्यांवर लिहा आणि पाच-सहा वाचकांना एकेकटं बसवून म्हणा, “ज्या चिठ्ठ्या एकत्र असाव्यात असं वाटतं त्यांची चळत लावा.” मध्ये बोलू नका. आमच्या वाचकांनी ‘स्पर्धा परीक्षा अभ्यासिका’ एकमताने विभागांत टाकली, मंडळ तिला उपक्रम समजत होतं. ‘देणगी’ची चिठ्ठी मात्र प्रत्येकाने वेगळ्या चळतीत ठेवली. अशी चिठ्ठी कुठेही ठेवली तरी निम्म्यांना सापडणार नाही, म्हणून तिचा दुवा मेनूत एका ठिकाणी आणि तळपट्टीत, असा दोनदा द्यायचा. नाव मात्र दोन्हीकडे एकच.

शेवटी पाच नावं उरली: विभाग, सभासदत्व, उपक्रम, वाचनालयाविषयी, संपर्क. उजवीकडे ‘पुस्तक शोधा’ आणि ‘वर्गणी भरा’.

इथे कुणीतरी हमखास म्हणतं की मेनूत सातच नावं हवीत, कारण माणसाच्या डोक्यात सातच गोष्टी राहतात. हा दाखला जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाच्या १९५६च्या निबंधाचा असतो, आणि तो इथे लागूच होत नाही. तो निबंध लक्षात ठेवण्याच्या मर्यादेबद्दल आहे. मेनू तर डोळ्यांसमोर असतो. नावं स्पष्ट आणि एकमेकांपासून वेगळी असतील तर नऊही चालतात. पाचांतली दोन सारखी वाटली तर पाचही जड होतात.

चौथी पायरी: एकच यादी, बाकी सगळं तिच्यातून

हा या कामाचा कणा आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

मेनूची माहिती आणि मेनूचं रूप वेगळं ठेवा. माहिती एका यादीत राहील. ती जेसन फाइल (साध्या मजकुरात नोंदी ठेवणारी) असेल, डेटाबेसमधला तक्ता असेल किंवा तुमच्या प्रणालीची मेनू-व्यवस्था असेल. यादीतल्या प्रत्येक नोंदीत आम्ही सात गोष्टी ठेवल्या: एक कायमची खूण, मराठी नाव, इंग्रजी नाव, पत्ता, पालक नोंद, क्रम, आणि दुवा कधीपर्यंत दाखवायचा ती तारीख.

खूण कधीच बदलायची नाही. उद्या ‘सभासदत्व’चं ‘सभासद व्हा’ झालं तरी खूण तीच राहते, आणि मजकुरातले दुवेही नावाने किंवा पत्त्याने न देता या खुणेने द्यायचे. पान हलवलं की यादीत एक ओळ बदलते; मजकुरातल्या दुव्यांना हात लावावा लागत नाही.

‘पालक’ हा रकाना दिसतो साधा, पण सगळ्यात जास्त कमाई त्याची. ‘दुर्मीळ ग्रंथ’चा पालक ‘विभाग’ एवढं एकदा लिहिलं की त्यातून वरची पट्टी तयार होते, तिचं उपमेनू होतं, बाजूची यादी होते, तळपट्टी होते, संकेतस्थळाचा नकाशा होतो आणि ‘मुखपृष्ठ › विभाग › दुर्मीळ ग्रंथ’ हा मागही आपोआप निघतो. एकच यादी, सहा साचे. हाताने काही लिहायचं उरलं नाही की दोन ठिकाणी दोन शब्द येण्याचा प्रश्नच उरत नाही.

साधन कुठलंही चालेल. ह्यूगो किंवा इलेव्हन्टीसारख्या स्थिर पानं तयार करणाऱ्या साधनांत यादी आणि साचा वेगळे ठेवणं सहज जमतं. वर्डप्रेसमध्ये २०१०च्या ३.० आवृत्तीपासून मेनू-व्यवस्था आहेच. तिथे चूक होते ती मेनूबाहेर, विजेटमध्ये किंवा पानाच्या मजकुरात हाताने दुव्यांच्या याद्या लिहिण्याची. आणि ज्यांच्याकडे साध्या पीएचपीची जुनी पानं आहेत त्यांनीही मेनूचा तुकडा एका फाइलीत काढून तो सगळीकडे समाविष्ट केला, तरी अर्धं काम झालं. नव्या तंत्राची वाट पाहत बसू नका.

पत्त्यांबद्दल एक व्यावहारिक गोष्ट. देवनागरी पत्ता ब्राउझरच्या पट्टीत छान दिसतो, पण व्हॉट्सअॅपवर चिकटवला की टक्क्याच्या खुणांची माळ होऊन बसतो. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं आणि प्रत्येक बाइटची तिथे ३ अक्षरं होतात. ‘वर्गणी’ या शब्दात हलन्त आणि वेलांटी धरून ६ चिन्हं आहेत, म्हणजे पत्त्यात ५४ अक्षरं. भाषाप्रेम म्हणून मला हे आवडत नाही, पण आम्ही पत्ते रोमन लिपीत आणि आखूड ठेवले.

पाचवी पायरी: साच्याचं आतलं बांधकाम

मेनू म्हणजे दुव्यांची यादी, म्हणून एचटीएमएलमध्येही (पानाची रचना लिहिण्याच्या भाषेत) ती यादीच असू द्या: मेनूसाठी असलेला नॅव्ह टॅग, त्यात क्रमहीन यादी, त्यात दुवे. एका पानावर दोन-तीन नॅव्ह असतील तर प्रत्येकाला आरिया-लेबलने नाव द्या (आरिया म्हणजे स्क्रीन रीडरसारख्या साधनांना माहिती देणारे एचटीएमएलमधले गुण): ‘मुख्य’, ‘या विभागात’, ‘तळ’. त्या नावात ‘मेनू’ किंवा ‘नॅव्हिगेशन’ लिहू नका. स्क्रीन रीडर, म्हणजे दृष्टिहीनांना पान वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, तो शब्द स्वतःच उच्चारतो.

ज्या पानावर आपण आहोत त्या दुव्याला आरिया-करंट हा गुण ‘पेज’ या किमतीसह लावा आणि दिसण्याची खूणही त्यालाच जोडा. ठळक अक्षर किंवा खाली जाड रेघ घ्या. नुसता रंग बदलून भागत नाही. रंग नीट न ओळखू शकणाऱ्यांना तो बदल कळत नाही.

उपमेनू उघडायला बटण वापरा, दुवा नको. बटणावर आरिया-एक्स्पांडेड हा गुण उघडा-बंद स्थितीप्रमाणे बदलत राहील, एस्केप दाबल्यावर उपमेनू मिटेल. माउस वर नेताच उघडणारे उपमेनू मला मुळीच आवडत नाहीत. फोनवर माउस नसतो, आणि थरथरत्या हाताच्या आजोबांसाठी तो उपमेनू म्हणजे पकडापकडीचा खेळ.

एक चूक वरचेवर दिसते. आरियामध्ये ‘मेनू’ नावाची भूमिका आहे, म्हणून लोक ती संकेतस्थळाच्या मेनूला लावतात. ती डेस्कटॉप प्रोग्रॅममधल्या फाइल-एडिट प्रकारच्या मेनूंसाठी आहे. ती लावली की स्क्रीन रीडर वापरणारा बाणांच्या कळांनी फिरण्याची अपेक्षा धरतो आणि अडकतो. साधे दुवे साधेच ठेवा.

पानाच्या अगदी सुरुवातीला ‘थेट मजकुराकडे’ हा दुवा द्या. कीबोर्डवर चालणाऱ्याला प्रत्येक पानावर पंधरा दुवे ओलांडावे लागू नयेत एवढ्यासाठी. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी या निकषांत याची वेगळी अट आहे. अनेक पानांवर येणारे दुवे दर वेळी त्याच क्रमाने यावेत, आणि एकच काम करणाऱ्या घटकांची ओळख सगळीकडे एकच असावी, याही अटी त्यात २००८च्या २.० आवृत्तीपासून आहेत. ऑक्टोबर २०२३च्या २.२ आवृत्तीने आणखी एक भर घातली: मदतीचा दुवा किंवा फोन नंबर अनेक पानांवर असेल तर तोही त्याच क्रमाने यावा. आमचा काउंटरचा नंबर तेव्हा काही पानांवर वर होता, काहींवर तळाशी.

मागाच्या पट्टीत शेवटचं नाव, म्हणजे चालू पान, दुवा नसावा. मधली ‘›’ खूण सजावट म्हणून सीएसएसमधून (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमधून) द्या, नाहीतर स्क्रीन रीडर तीही वाचत बसू शकतो.

सहावी पायरी: देवनागरीचे लाड

तयार इंग्रजी थीम उचलली की इथे रडकथा सुरू होते. इंग्रजी मेनूत अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडण्याची फॅशन आहे. देवनागरीत तेच केलं की शिरोरेखा तुटते आणि ‘विभाग’ दात पडल्यासारखा दिसतो. मेनूच्या सीएसएसमध्ये अक्षर-अंतर शून्य करा, हे पहिलं काम. सगळी अक्षरं मोठ्या लिपीत (कॅपिटल) करण्याचा आदेशही थीममध्ये असतो. देवनागरीवर त्याचा परिणाम होत नाही, त्यामुळे थीमकर्त्याने ज्या भेदासाठी तो वापरला तो भेद आपल्याकडे नाहीसा होतो. तो वजनाने किंवा आकाराने भरून काढावा लागतो.

उंची ठरावीक पिक्सेलांत बांधू नका. आमच्याकडे कसोटीचा शब्द आयताच मिळाला: ‘दुर्मीळ ग्रंथ’. वर रफार आणि वेलांटी, अनुस्वार, खाली उकार. मेनूच्या पट्टीत हा शब्द न कापता बसला तर बाकी सगळे बसतात. ओळीची उंची अक्षराच्या दीडपट ते पावणेदोनपट ठेवली आणि पट्टीची उंची आतल्या मोकळ्या जागेवर सोडून दिली, की प्रश्न मिटतो. दुव्याखालची रेघ उकाराला छेदत असेल तर तिला थोडं खाली सरकवा. सीएसएसमध्ये त्याची सोय आहे.

पानाच्या मुळाशी भाषेची खूण मराठीची द्या, हिंदीची नको. राज्य शासनाने २००९ साली प्रमाणित लिपीचा जो निर्णय काढला त्यात मराठीची ल आणि श यांची रूपं दिलेली आहेत. काही फॉन्टांत दोन्ही वळणं असतात आणि ब्राउझर या खुणेवरून मराठी वळण निवडतो. स्क्रीन रीडरचा आवाजही याच खुणेवरून ठरतो. फॉन्ट म्हणून ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ यांपैकी काहीही घ्या. दोन्ही मोफत आहेत आणि लहान आकारातही नीट वाचता येतात.

भाषा बदलण्याचा दुवा ज्या भाषेकडे नेतो त्या भाषेत आणि त्या लिपीत लिहा. मराठी पानावर ‘इंग्रजी’ असं देवनागरीत लिहिलेलं, मराठी न वाचता येणाऱ्याला काय कामाचं? आणि तो दुवा त्याच पानाच्या दुसऱ्या भाषेतल्या रूपाकडे जावा. अनेक ठिकाणी तो मुखपृष्ठावर नेऊन सोडतो. यादीत प्रत्येक खुणेला दोन्ही नावं असल्यामुळे आम्हाला हे फुकटात मिळालं.

सातवी पायरी: फोनवर

तीन आडव्या रेघांचं चिन्ह नॉर्म कॉक्स यांनी झेरॉक्सच्या १९८१च्या स्टार संगणकासाठी काढलं. इतकी वर्षं झाली तरी ते सगळ्यांना कळतं असं धरू नका. शेजारी ‘मेनू’ हा शब्द लिहा. दोन अक्षरांची तर जागा लागते.

शिवाय सगळंच त्या रेघांमागे दडवू नका. ‘पुस्तक शोधा’ आणि ‘वर्गणी भरा’ फोनवरही उघड दिसायला हवीत. बोट टेकवायची जागा डब्ल्यूसीएजी २.२प्रमाणे किमान २४ गुणिले २४ पिक्सेल. अॅपल ४४ आणि गूगलचं मटेरियल ४८ एकक सुचवतं. ४८च घ्या. फोनचा मेनू वेगळा लिहू नका, त्याच यादीतून त्याच क्रमाने येऊ द्या.

आठवी पायरी: नमुना पान आणि तपासणी

सगळे साचे एका पानावर सगळ्या स्थितींत मांडून ठेवा: साधा दुवा, माउस वर असलेला, कीबोर्डने निवडलेला, चालू पानाचा, उघडा उपमेनू, सगळ्यात लांब नाव, सगळ्यात आखूड नाव. रंगांना आणि अंतरांना सीएसएसमध्ये नावं द्या, म्हणजे साच्यांत आकडे विखुरत नाहीत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर किमान ४.५ : १ असावं. आमचा लाडका भगवा पांढऱ्यावर त्यात बसला नाही. मेनूत गडद विटकरी आला, भगवा बोधचिन्हापुरता राहिला.

मग माउस बाजूला ठेवून नुसत्या टॅबने फिरा. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर लावा आणि डोळे मिटून ‘वर्गणी भरा’पर्यंत पोचून दाखवा. शेवटी तीन-चार वाचकांच्या हाती फोन देऊन सांगा, “बालविभागाची वेळ शोधा.” कुठे थबकतात ते टिपा. आमच्याकडे दोघं जण ‘संपर्क’मध्ये गेले, म्हणून वेळापत्रक तिथेही आलं.

जुने पत्ते मारू नका. प्रत्येकाला नव्या पत्त्याकडे ३०१ने, म्हणजे ‘पान कायमचं हललं’ या संकेताने, वळवा. मोजदादीची स्प्रेडशीट इथे पुन्हा कामाला येते. आणि पान न सापडल्याच्या पानावरही पूर्ण मेनू हवा. चुकलेल्या माणसाला त्याचीच गरज सगळ्यात जास्त.

नववी पायरी: मेनूवरची अतिक्रमणं

संकेतस्थळ सुरू झाल्यावर महिनाभरात कुणीतरी म्हणतं, “अध्यक्षांचं मनोगत मुख्य मेनूत घ्या.” मग व्याख्यानमाला, मग अमृतमहोत्सव. यासाठीच यादीत शेवटच्या तारखेचा रकाना ठेवला होता. हंगामी गोष्टी मेनूत येत नाहीत. त्यांच्यासाठी मेनूखाली एक घोषणापट्टी असते, एका वेळी एकच ओळ, आणि तारीख उलटली की ती आपोआप जाते. दिवाळी अंकांची नोंदणी तिथे येते, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन तिथे येतो.

मुख्य मेनूत नवं नाव घालायचं असेल तर मागणाऱ्याने कुठलं काढायचं तेही सांगायचं, असा ठराव मंडळाकडून इतिवृत्तात लिहून घ्या. तोंडी ठरलेलं टिकत नाही. यादी बदलण्याचा अधिकार दोघांकडे ठेवा: एक ग्रंथपाल, एक तांत्रिक बाजू पाहणारा. त्या यादीच्या फाइलीच्या वरच न वापरायच्या शब्दांचा रकाना चिकटवून ठेवा. अध्यक्षांचं मनोगत सध्या ‘वाचनालयाविषयी’च्या खाली तिसरं आहे.